सगळं पाठ होतं, चार पानं लिहिली, तरी मार्क का कापले?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बडोद्यात बीएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहेस, पर्यावरणशास्त्राचा ‘मानवी हस्तक्षेप आणि त्याचे परिणाम’ हा पेपर १२ दिवसांवर आलाय, इंटर्नलला ५० पैकी २७ पडले, आणि तू म्हणतेस, “काकू, सगळं पाठ होतं, एकेका प्रश्नाला चार-चार पानं लिहिली, तरी मार्क का कापले आणि आता काय करू?”

मी २२ वर्षं हा विषय शिकवतेय आणि दर उन्हाळ्यात घरात पंख्याखाली बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासते, त्यामुळे तुझी ती चार पानं न बघताच मला साधारण दिसतात. पहिलं वाक्य असणार ‘मानवाने आपल्या स्वार्थासाठी निसर्गाचा ऱ्हास केला आहे.’ मग जंगलतोड, प्रदूषण, लोकसंख्या, ग्लोबल वॉर्मिंग, प्लॅस्टिक, सगळं एकाच परिच्छेदात, आणि शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत.’ यात चूक काहीच नाही गं, पण मार्क द्यायला जागाच नाही. तपासणाऱ्याच्या हातात उत्तराचे मुद्दे असतात, प्रत्येक मुद्द्याला अर्धा किंवा एक मार्क, आणि तो मुद्दा म्हणजे बहुतेक वेळा एखादी प्रक्रिया असते, एखादा आकडा असतो, एखादं ठिकाण असतं. स्वार्थ वगैरे त्या यादीत नसतो.

माझं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार समज. या पेपरात साखळी लिहायची असते. कोणी काय केलं, त्यानं हवेत, पाण्यात किंवा मातीत नेमकं काय बदललं, तो बदल कुठल्या वाटेनं सजीवांपर्यंत पोचला, शेवटी कोणाला काय झालं, आणि ही साखळी कुठल्या कडीपाशी तोडता येते. बहुतेक मुलं पहिली आणि चौथी कडी लिहितात, म्हणजे ‘कारखान्यांमुळे मासे मरतात’. मधल्या दोन कड्या गायब. आणि मार्क तिथेच असतात.

आता हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून आपल्याच घरची साखळी घेऊ. ऑगस्ट २०२४ चा पूर तुला आठवतोय ना. आपल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या वेळी पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, दोन दिवस लाइट नाही, आणि वरून शेजारचे काका गॅलरीतून ओरडतायत की “खाली उतरू नका, मगर असेल!” हसू नकोस, खरंच रस्त्यांवर मगरी आल्या होत्या, वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक दोर घेऊन फिरत होते.

समज पेपरात प्रश्न आला, ‘शहरी पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे की मानवनिर्मित, उदाहरणासह चर्चा करा.’ तुझं सध्याचं उत्तर असणार की माणसानं निसर्गावर आक्रमण केलं म्हणून पूर आला. झालं, इथेच दोन मार्क गेले. कारण पाऊस काही माणसानं पाडला नाही. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते, वाटेत आजवा तलावाचं पाणी, मग शहर, पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते, आणि वर डोंगराकडे आणि शहरात एकाच वेळी धो धो पाऊस झाला तर नदी फुगणारच, शंभर वर्षांपूर्वीही फुगायची. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पडला होता, असा पाऊस कुठल्याही नदीला जड जातो. हे आधी मान्य कर, लिही, आणि मग सांग की माणसानं त्यात काय भर घातली.

ती भर दाखवायला एक छोटं गणित पुरतं, आणि हे गणित मी दर वर्षी फळ्यावर करते. एक हेक्टर जमीन घे, म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ०.१ मीटर. गुणाकार केला की १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी. आता ती जमीन मोकळं मैदान असेल, गवत-झाडं असतील, तर ढोबळमानानं त्यातलं २० टक्के वाहून जाईल असं धरू, म्हणजे २ लाख लिटर. त्याच जमिनीवर सोसायटी, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं तर ८० टक्के धर, ८ लाख लिटर. १०,००० लिटरचा टँकर डोळ्यासमोर आण. पूर्वी त्या तुकड्यावरून २० टँकर नदीकडे जायचे, आता ८० जातात, आणि हळूहळू नाही तर तासाभरात जातात. पाऊस तेवढाच आणि जमीनही तीच आहे.

हे गणित उत्तरात तीन ओळीत बसतं. त्याखाली एक आकृती काढ, आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर नदीचा प्रवाह, एक बसकी रुंद रेघ ‘शहरीकरणापूर्वी’ आणि एक उंच टोकदार रेघ ‘शहरीकरणानंतर’, आणि टोकदार रेघेचं शिखर डावीकडे सरकलेलं दाखव, कारण पाणी लवकर पोचतं. ती डावीकडे सरकलेली रेघ बघितली की तपासणाऱ्याला समजतं की या मुलीला कळलंय. मग कोतरांचं लिही. आपल्याकडे नदीकाठच्या त्या घळी, ज्यांना सगळे कोतरं म्हणतात, त्या पावसाळ्यात जादा पाणी पोटात घेतात, आणि त्यात डबर टाकून प्लॉट काढले की नदीचं पोटच लहान होतं. मग तिसरी कडी, सजीव. मगर, शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस, काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि बिळंही तिथेच करते. शहराच्या मधोमध शेकडो मगरी राहतात अशी नदी जगात फार ठिकाणी सापडायची नाही, आणि मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे उपाय सुचवताना ‘काठ काँक्रीटनं बांधून काढावेत’ असं लिहिलंस की पुरावरचा उपाय मगरीचं घर मोडतो, आणि हे तू स्वतःच उत्तरात लिहिलंस की ‘चर्चा करा’ या शब्दाचे मार्क मिळतात. कोतरं मोकळी करणं, तळी उपसणं, पाणी जिरवायच्या जागा सोडणं, हे दुसरे पर्याय, त्यांची अडचण म्हणजे जमीन महाग आहे आणि लोक तिथे राहतायत. एवढं लिहिलंस तर दहापैकी आठ कुठे गेले नाहीत.

बघ, एका नदीत शहरीकरण, जलचक्र, जैवविविधता, कायदा आणि उपाययोजना असे पाच टॉपिक बसले. म्हणून म्हणते की वीस उदाहरणं अर्धवट पाठ करू नकोस, सहा-सात उदाहरणं पार तळापर्यंत कर.

दुसरं एक आपल्याकडचंच उदाहरण मला आवडतं, पण ते कोणीच लिहीत नाही. बडोद्याजवळच्या नंदेसरी आणि आसपासच्या कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा आहे, १९८० च्या दशकापासून. ‘प्रदूषण नियंत्रणाच्या उपायांचे फायदे-तोटे’ आलं की हे सोनं आहे. फायदा हा, की ते पाणी जवळच्या नदीत सुटत नाही. पण प्रश्न असा, की आखातात पोचल्यावर नुसतं पातळ झालं म्हणजे संपलं का? सेंद्रिय घाण पातळ झाली की जिवाणू ती खाऊन टाकतात, पण पारा किंवा कॅडमियम पातळ झालं तरी संपत नाही, ते गाळात बसतं आणि पुन्हा जीवांमध्ये शिरतं. विघटन होणारं आणि न होणारं प्रदूषक हा फरक प्रत्येक पेपरात कुठून तरी येतोच, आणि तो इथे आपोआप समजतो.

पारा म्हटलं की मिनामाटा, जपान, १९५६ ला हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. पण तिथेही साखळी लिही, नुसतं गावाचं नाव नको. कारखान्यातून पाऱ्याची संयुगं खाडीत गेली, मिथाइल मर्क्युरी मासे-शिंपल्यांत साठलं, मासे खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला, आणि त्याआधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरत होती. मांजरांचं लिहिलंस तर बरं, कारण त्यातून कळतं की विष अन्नातून येतंय, मांजरंही तेच मासे खात होती. कॅडमियम म्हणजे इटाई-इटाई, तेही जपान, हाडं ठिसूळ होतात. एमसीक्यूमध्ये या दोघांची अदलाबदल करून विचारतात, एवढं ध्यानात ठेव.

आता डीडीटी या कीटकनाशकाचं गणित, कारण इथे हुशार मुलंही आपटतात. अकरावी-बारावीपासून आपण वाचतो की पाण्यात डीडीटी ०.००३ पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग), प्राणीप्लवकांत ०.०४ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ पीपीएम. मी विचारते, “किती पट वाढलं?” वर्गातून उत्तर येतं, “मॅडम, २५ भागिले ०.००३, आठ हजार पट.” नाही! पहिला आकडा पीपीबी आहे, शेवटचा पीपीएम. ०.००३ पीपीबी म्हणजे ०.०००००३ पीपीएम. आता भाग, ८३ लाखांच्या वर येतं. आठ हजार कुठे आणि ८३ लाख कुठे. हा एकच आकडा युनिट बदलून लिहिला तर उत्तर उठून दिसतं. आणि पुढची कडी सोडू नकोस, पक्ष्याच्या शरीरात कॅल्शियमचा वापर बिघडतो, अंड्याचं कवच पातळ होतं, पक्षीण उबवायला बसली की अंडं फुटतं. पक्षी विष खाऊन तडफडून मरत नाहीत, पिल्लंच होत नाहीत.

आणि इथेच एक सापळा आहे जो मी स्वतः पेपर काढताना लावते (आता सांगून टाकलं). गिधाडं. मुलं डोळे झाकून लिहितात की डायक्लोफेनॅकच्या जैविक विशालनामुळे, म्हणजे अन्नसाखळीत वर वर विष वाढत गेल्यामुळे, गिधाडं नष्ट झाली. चूक. डायक्लोफेनॅक हे गुरांना देतात ते दुखण्यावरचं औषध, ते काही डीडीटीसारखं चरबीत साठून पायरी-पायरीनं वाढत नाही. गुरं औषध दिल्यावर थोड्याच वेळात मेली की मांसात औषध उरतं, गिधाड ते खातं, त्याची किडनी बंद पडते, अंगात युरिक ॲसिड साठतं आणि काही दिवसांत मरतं. एकाच जेवणात सुद्धा. १९९० च्या दशकापासून आपल्याकडच्या तीन जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाली, कारण २००४ मध्ये उजेडात आलं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं, मेलॉक्सिकॅम हा पर्याय सुचवला. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जायला लागल्या म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या औषधाचीही बाटली एका डोसची केली. ही शेवटची गोष्ट लिहिलीस तर ‘कायदा आणि अंमलबजावणी यातली तफावत’ दाखवलीस, आणि तपासणाऱ्याला दुसरा कप चहा प्यायल्यासारखं वाटतं. पुढे, मेलेली जनावरं पडून राहिली, कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. ही साखळी डीडीटीपेक्षा मला जास्त आवडते कारण ती माणसापर्यंत परत येते.

अशा गोंधळाच्या जोड्या अजून आहेत, सगळ्या विस्तारानं सांगत नाही. सगळ्यात जुनी म्हणजे ओझोनचं छिद्र आणि ग्लोबल वॉर्मिंग. दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो की ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन आत आलं आणि पृथ्वी तापली. तापते ती बाहेर जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे अडवतात म्हणून, तो खालचा खेळ, औद्योगिक क्रांतीपूर्वी सीओटू २८० पीपीएमच्या आसपास होता, आता ४२० च्या वर. ओझोनचं वेगळं, तिथे फ्रिजमधल्या सीएफसी वायूतला क्लोरीन अतिनील किरणांनी सुटतो आणि एक अणू सुमारे लाखभर ओझोन रेणू तोडतो, कारण तो स्वतः संपत नाही, परत मोकळा होतो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार. एक ‘का’ मात्र समजून घे, फ्रिज वापरले अमेरिकेनं-युरोपनं आणि छिद्र अंटार्क्टिकावर कसं? कारण तिथल्या हिवाळ्यात इतकी थंडी पडते की वरच्या थरात बर्फाचे खास ढग तयार होतात, त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळा व्हायच्या तयारीत बसतो, आणि सप्टेंबरमध्ये सूर्य उगवला की काम सुरू. हा ‘का’ लिहिणारी मुलगी मला वर्षाला एखादी भेटते. आणि जमिनीजवळचा ओझोन हा प्रदूषक असतो हे विसरू नकोस, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, सेंद्रिय वाफा आणि ऊन यांतून तो तयार होतो, थेट कुठल्याच सायलेन्सरमधून निघत नाही, म्हणून तो दुय्यम प्रदूषक.

बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, त्याबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलींना प्रॅक्टिकल दाखवायचं म्हणून नाल्याचं पाणी आणलं, बाटल्या भरल्या, २० अंशांवर पाच दिवस ठेवल्या, आणि उत्तर असं आलं की नाल्याचं पाणी जवळपास पिण्यालायक! एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, “मॅडम, मग हे वाईट पाणी नाहीये का?” झालं असं होतं की बुचाखाली हवेचा बुडबुडा राहिला होता. जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खात होते आणि बुडबुड्यातून नवा विरघळत होता, म्हणजे खर्च होत असलेल्या पाकिटात कोणी तरी मागून नोटा सरकवत होतं. मला बीओडी खरा तेव्हा समजला. तो घाण किती आहे हे मोजत नाही, ती घाण खाऊन टाकायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागला हे मोजतो. गणित असं येतं: ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर सांडपाणी, बाकी विरळ करायचं पाणी, म्हणजे ५० पट. पहिल्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन ८.०, पाचव्या दिवशी ४.४. फरक ३.६, गुणिले ५०, बीओडी १८० मिलिग्रॅम प्रति लिटर. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, त्यामुळे पुढचं वाक्य तूच लिहिशील. आपल्या हवामानासाठी २७ अंशांवर तीन दिवसांचीही पद्धत आहे, एमसीक्यूला येते कधीतरी.

यातूनच सुपोषण, म्हणजे युट्रोफिकेशन, सोपं होतं. तळ्यात नायट्रेट-फॉस्फेट गेलं, शेवाळ माजलं, इथपर्यंत सगळे लिहितात आणि मग उडी मारतात, ‘म्हणून मासे मेले’. शेवाळ तर दिवसा ऑक्सिजन सोडतं, मग मासे का मरतील? ते शेवाळ मरून खाली बसतं, जिवाणू ते कुजवतात, कुजवताना ऑक्सिजन खातात, आणि पहाटे, जेव्हा रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असतं, तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तळ्यावर सकाळी फिरायला गेलेल्या माणसालाच मेलेले मासे तरंगताना का दिसतात, ते यामुळे.

धरणांवर प्रश्न नक्की असतो आणि आपण गुजरातमध्ये बसून सरदार सरोवर सोडून भाक्रा लिहिण्यात काही अर्थ नाही. उंची १३८.६८ मीटर, पायाभरणी १९६१, पूर्ण उंचीसह लोकार्पण सप्टेंबर २०१७, वीज १,४५० मेगावॅट, त्यातला वाटा मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ आणि गुजरात १६ टक्के. पाणी कच्छ-सौराष्ट्रापर्यंत गेलं हे ठळक लिही, त्यात कंजुषी नको, तिथल्या बाईला विचार हंड्याचं ओझं काय असतं ते. मग दुसरी बाजू, बुडित क्षेत्रातलं विस्थापन, आणि जी बाजू कोणी लिहीत नाही ती, धरणाच्या खालची. भरूचजवळ मुखाशी गोडं पाणी कमी पोचलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, आणि समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारी हिलसा मासळी कमी होते. कोळ्याचं जाळं आणि कच्छचा नळ एकाच उत्तरात आले पाहिजेत.

कायदे पाठ करावेच लागतात, त्याला इलाज नाही, पण कारणासकट कर म्हणजे वर्षं विसरत नाहीत. स्टॉकहोम परिषद १९७२, त्यानंतर पाण्याचा कायदा १९७४, हवेचा १९८१. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली, म्हणून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. हरित न्यायाधिकरण २०१०. एकदा वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिकवर बंदी १ जुलै २०२२. आणि तुझ्या कॉमर्सच्या मैत्रिणी कुरकुरतात ना की आम्हाला हा विषय कशाला, तर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं की पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवावा, हे त्यांना सांग.

हवेचं मी पटकन उरकते कारण तुझ्या नोट्समध्ये ते बरं असेल असं वाटतं, फक्त एक आकडा ठेव, पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, त्यांची आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली ५. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की चर्चा आपोआप सुरू होते, मर्यादा आरोग्याकडे बघून ठरवायची की जमण्यासारखं काय आहे ते बघून.

आता १२ दिवसांचं. टाइमटेबल रंगीत पेनांनी करू नकोस, त्यात एक दिवस जातो, मला माहितेय. पहिले सात दिवस रोज एक साखळी: पूर, सुपोषण आणि बीओडी, डीडीटी, गिधाड, ओझोन, धरण, भोपाळ. सकाळी वाचायची, दुपारी वही मिटून एका कोऱ्या पानावर पाच चौकटी आणि बाण काढून लिहायची, अडशील तिथेच पुस्तक उघडायचं, आधी नाही. संध्याकाळी आजीला मराठीत सांगायची. पेपर इंग्लिश मीडियमचा आहे म्हणून तू वाक्यं पाठ करतेस, आणि एक शब्द विसरला की अख्खी ओळ अडकते. आजी मध्येच विचारेल, “पण शेवाळानं मासे कशाला मरतील गं?” आणि तिथेच तुझी राहिलेली कडी सापडेल. माझ्या सासूबाईंनी माझं अर्धं बीएड असंच करून घेतलं, निवडणं-टिपणं करता करता.

आठव्या ते दहाव्या दिवशी जुने पेपर, घड्याळ लावून, हातानं लिहून. फोनवर वाचून ‘हे येतंय मला’ असं म्हणणं म्हणजे पोहायचं पुस्तक वाचणं. दहा मार्कांना १८ ते २० मिनिटं, दीड-दोन पानं, चार पानं नकोतच. आणि प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित कर: ‘सांगा’ म्हणजे मुद्दे, ‘स्पष्ट करा’ म्हणजे साखळी, ‘चर्चा करा’ म्हणजे दोन्ही बाजू, ‘मूल्यमापन करा’ म्हणजे दोन्ही बाजू आणि शेवटी तुझं मत कारणासकट. तुझ्या २७ मार्कांमागे निम्मी गोष्ट हीच असणार, ‘चर्चा करा’ला तू ‘सांगा’चं उत्तर दिलं असशील. अकराव्या दिवशी आकडे, वर्षं, एमसीक्यू. बाराव्या दिवशी खंडेराव मार्केटकडे चक्कर मार, सेव-उसळ खा, लवकर झोप.

रविवारी दुपारी मी घरी आहे. येताना पुराचं दहा मार्कांचं उत्तर लिहून आण, पेन्सिलनं आकृतीसकट, आणि शिखर डावीकडे सरकलेलं नसेल तर दारातूनच परत पाठवेन.